करंटचा पाहुणचार

बंद पडलेला मॉनिटर समोर आला की सोनकांबळे सर आधी त्याच्या मागच्या जाळीला नाक लावतात. डोळे मिटून वास घेतात आणि म्हणतात, "जळका न्हाई. आंबूस हाय." मग मॉनिटर आणणाऱ्याकडं असं बघतात, की आपणच मॉनिटरला काहीतरी शिळं खाऊ घातलं असं वाटावं.

सर नांदेडात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले. बायको वारल्यापासून घरात एकटेच. माझं तहसीलसमोर टायपिंगचं दुकान आहे. मॉनिटर एकच, तोही जुना. तो बंद म्हणजे मी बंद.

सर दुरुस्तीचे पैसे घेत नाहीत. वेळ घेतात. वायर काढल्यावर पाऊण तास मॉनिटरला कुणाला हात लावू देत नाहीत. "करंट आत बसल्याला असतो, जाधव. पाव्हणाच हाय तो. चा घेतल्याबगर जात न्हाई." करंटच्या नावाचा चहा मात्र मला प्यावा लागतो, तोही दोनदा. मग मॉनिटर उघडायचा, टॉर्च मी धरायचा. सर एका कपॅसिटरच्या, म्हणजे करंट साठवणाऱ्या नळकांडीच्या, डोक्यावर बोट ठेवतात. "हे बगा, पोट फुगलंय." चांगल्याचं डोकं सपाट असतं, एवढं आता मलाही पाठ झालंय. नवा बसवताना त्याची उणे बाजू कुठली, हे ते मला विचारतात. चुकलो तर टाका घालायचं थांबवून पहिल्यापासून शिकवतात.

मॉनिटर लागायचा. महिन्याभरानं पुन्हा जायचा. दुसऱ्यांदा सरांकडं निघालो तेव्हा बायको म्हणाली, "नवा घ्या, न्हाईतर सरांनाच घरी आणून ठेवा."

तिसऱ्यांदा मॉनिटर गेला तेव्हा सर चाकूरला पुतणीकडं गेले होते. नाइलाजानं बाजारात नेला. मेकॅनिकनं उघडून बघितला. "चार फुगले होते, दोनच बदललेत. पण टाका बगा, हात लई सफाईचा हाय. असल्या माणसाला बाकीचे दोन दिसले न्हाईत व्हय?"

माझं डोकंच फिरलं. तिसऱ्यांदा माझं दुकान बंद राहिलं होतं. मॉनिटर तसाच काखोटीला मारला आणि सर परत आले त्या दिवशी त्यांच्यासमोर आदळला.

"सर, चारही एकदम का नाही बदलले?"

सरांनी चष्मा पुसला. "बदलले असते, तर तुमी कशाला आला असता?"

"मी असाही आलो असतो," मी म्हणालो.

"समदे म्हणतेत तसं."

खरंच होतं. मीही दहा जणांना तसं म्हणत असतो आणि एकाकडंही जात नाही. मला माझीच लाज वाटली.

सरांनी उरलेले दोन्ही कपॅसिटर लगेच बदलले. टॉर्च स्वतःच्याच दातात धरला. मला काही विचारलं नाही, शिकवलं नाही. "आता दोन-तीन वर्सं बगायचं काम न्हाई," म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

मॉनिटर झकास चालू लागला. तीन आठवडे एकदाही कुरकुरला नाही. तिसऱ्या रविवारी मी तो वायरीसकट उचलला आणि सरांकडं घेऊन गेलो.

सरांनी वायर लावली. पडदा लख्ख उजळला. सरांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग सरांनी बटण बंद केलं.

"बिघाड लई खोल हाय," ते म्हणाले. "बसा, वेळ लागंल."