मास्तरीणबाईंच्या पायाखालचा ब्रेक

मास्तरांनी स्टुलावर चढून गाडीच्या टपावरचा फलक फुलाफुलांच्या पलंगपोसात गुंडाळला आणि चारही टोकांना सुतळीच्या गाठी मारल्या. मास्तरीणबाई पाण्याची बाटली काखेत धरून फाटकात उभ्या होत्या.

"अहो, झाकताय कशाला? गेली इतकी वर्षं उघडाच आहे की तो."

"तेव्हा स्टीअरिंगवर दुसरं कुणीतरी असायचं. ‘सावधान! शिकाऊ चालक’ असं डोक्यावर लिहून मी गाडी चालवू? मी? कुणी ओळखीचं भेटलं म्हणजे?"

मास्तरांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. त्या शहरात ज्याला म्हणून गाडी चालवता येत होती, तो बहुतेक त्यांच्याच शिव्या खाऊन तयार झालेला होता. बँकेचा मॅनेजर, दाताचे डॉक्टर, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, सगळे. घरची म्हणून वेगळी गाडी नव्हती. होती ती हीच, शिकवणीची, शेजारच्या सीटपुढे मास्तरांच्या पायासाठी जादा ब्रेक बसवलेली. फलक काढून ठेवावा म्हटलं, तर त्याचे बोल्ट गंजून टपाशी कायमचे नातेवाईक झाले होते.

डोंगरापलीकडे नदीच्या काठाकाठाने लहान लहान गावं होती. दगडी पूल, पांढऱ्या भिंती, निळी-हिरवी दारं, आणि रस्ता संपतो तिथे तळ्याकाठचं शेवटचं गाव. ती सगळी गावं मास्तरीणबाईंना गाडीतून बघायची होती, पार तळ्यापर्यंत. खरं तर त्यांना ती लग्न झाल्या झाल्याच बघायची होती. पण तेव्हा एक बॅच चालू होती. ती संपली तर दुसरी आली. मुलगी झाली, शिकली, सासरी गेली, बॅच काही संपेना. या खेपेला बाई भांडल्या नाहीत. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "यंदा नाही जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही मी."

भांडणाची मास्तरांना सवय होती. हा शांतपणा मात्र त्यांना नवा होता. ते तयार झाले, पण पळवाट ठेवूनच.

"एक गाव बघू. फार तर दोन. संध्याकाळच्या बॅचला मला परत यायचंय."

"तळं?"

"तळं काय, कुठं पळून जातंय का?"

बाई शेजारच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"पाय जरा आवरून बस. खाली ब्रेक आहे."

"आवरून कुठं ठेवू? पिशवीत?"

घाट चढेपर्यंत सगळं सुरळीत होतं. वर पोचताच उजव्या हाताला दरी उघडली. खाली नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे पांढरी घरं. "अगं बाई! काय सुंदर!" म्हणत मास्तरीणबाई पुढे झुकल्या आणि त्यांचे दोन्ही पाय आपोआप खाली दाबले गेले. गाडी जागच्या जागी थांबली. मास्तरांचं नाक स्टीअरिंगला टेकून आलं. त्या हिसक्यात टपावरच्या गाठी सुटल्या, पलंगपोस सरसरत पुढे घसरला आणि मास्तरांसमोर दरी, नदी, पूल सगळं जाऊन नुसती गुलाबाची फुलं राहिली.

"मेलो!" मास्तर ओरडले.

"नाही हो, थांबलोय आपण," बाई म्हणाल्या.

मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा कल्लोळ केला. मास्तरांनी पलंगपोस डिकीत कोंबला आणि फलक उघडा टाकून गाडी पुढे काढली. त्यानंतर बाईंनी मनापासून काळजी घेतली, पण सौंदर्य दिसलं की पाय त्यांच्या ताब्यात राहत नव्हते. बदकांच्या रांगेसाठी गाडी थांबली. कौलांवर पसरलेल्या वेलीसाठी थांबली. एका कुंपणावरच्या मांजरासाठीही थांबली.

"मांजर कधी पाहिलं नव्हतंस?"

"असं बसलेलं नव्हतं पाहिलं."

"दर वेळी ब्रेक मारायचा म्हणजे काय अर्थ आहे का याला?"

"तुम्ही जन्मभर दुसरं काय केलंत?"

"ते जीव वाचवायला! तू बदकं बघायला!"

"मग बदकांना जीव नसतो वाटतं?"

पहिलं गाव आलं ते अशा गरम डोक्याने. गावात शिरायला कमानीचा दगडी पूल होता, मधोमध उंच आणि जेमतेम एका गाडीपुरता. नेमकं वर पोचल्यावर बाईंना खाली पाण्यात कपडे धुणाऱ्या बायका आणि त्यांच्याभोवती तरंगणारा फेस दिसला. इंजिन बंद पडलं. मागे गवताने भरलेला ट्रॅक्टर, पुढे चढून येणारी बैलगाडी. मास्तरांनी गाडी चालू केली. तेवढ्यात गाडी जरा मागे सरकली म्हणून घाबरून बाईंनी पुन्हा पाय दाबला. पुन्हा बंद. असं तीनचारदा झाल्यावर गाव गोळा व्हायला वेळ लागला नाही.

सगळ्यांत आधी न्हावी आला, हातात वस्तरा तसाच घेऊन. त्याने फलक वाचला, स्टीअरिंगवरच्या घामाघूम मास्तरांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा मायेने भरून आला.

"घाबरायचं नाही, साहेब. होतं असं सुरुवातीला."

"सुरुवातीला? अहो, मी मास्तर आहे!"

"असाल ना. शाळेतली गोष्ट वेगळी, गाडीची वेगळी."

"या वयात शिकतायत म्हणजे कौतुकच आहे," ट्रॅक्टरवाला वरून म्हणाला. मग तो बाईंना म्हणाला, "ताई, तुम्ही ओरडू नका हो त्यांना. आधीच बावरलेत."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी बायकोकडे पाहिलं, आता ती सांगेल म्हणून. मास्तरीणबाई ओठ घट्ट मिटून समोर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. शेवटी बैलगाडी मागे हटवून चौघांनी गाडी ढकलत पुलावरून उतरवली आणि पलीकडच्या माळावर उभी केली. न्हाव्याने मास्तरांच्या पाठीवर थोपटलं.

तेवढ्यात गर्दीतून दूधवाली पुढे आली. तिची दुधाची गाडी दारातच पडून होती. नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये, आणि रोज डेअरीला दूध पोचवायला कुणाकुणाच्या हातापाया पडायला लागत होतं. तिने मास्तरीणबाईंचा हात धरला.

"ताई, माझ्याकडं शिकाऊ परवाना आहे, पण शिकवणारं कुणी नाही. इथं माळावर जरा दाखवा ना. तुम्ही या साहेबांना शिकवताय, म्हणजे मी तर अशीच शिकेन."

मास्तरांनी खाकरून पाहिलं. बाईंनी एकवार त्यांच्याकडे बघितलं, एकवार दूधवालीकडे.

"चल, बस," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्ही मागे बसता?"

आणि काय होतंय ते कळायच्या आत मास्तर आपल्याच गाडीत मागच्या सीटवर, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसले होते. आयुष्यात प्रथमच त्यांच्या पायाखाली काही नव्हतं. गाडी हलली की ते जमीन दाबत होते आणि त्याचा कशावरही परिणाम होत नव्हता.

"आधी आरसा. मग पट्टा. मग गिअर मोकळा आहे का बघ," मास्तरीणबाई सांगू लागल्या. मास्तर कान टवकारून ऐकत राहिले. शब्द त्यांचेच होते, क्रमही त्यांचाच. फक्त त्यांच्या शिकवण्यात जिथे जिथे ‘डोकं गहाण ठेवलंय का’ येत असे, तिथे बाई नुसत्या थांबत होत्या. क्लचशी दूधवाली अडली. गाडीने बेडकासारखी उडी मारली.

"अगं, भरलेली बादली उचलताना तू हिसका देतेस का?"

"छे! सांडेल ना दूध."

"मग पायही तसाच उचल. सांडू न देता."

गाडी अशी निघाली की मास्तरांना निघाल्याचं कळलंसुद्धा नाही. हे बादलीचं त्यांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. माळाला दोन फेऱ्या झाल्या, तिसरी सुरू झाली. कडेला गाव टाळ्या वाजवत होतं. दूधवालीचा चेहरा फुलून आला होता.

"ताई, तुम्ही स्वतः कधीपासून चालवता?"

"मी? मी कधीच नाही चालवली."

दूधवालीने करकचून ब्रेक मारला. मागच्या सीटवरून बाटली पुढे गेली.

"मग हे सगळं शिकलात कुठं?"

"घरातच. हे बाहेरच्या खोलीत शिकवतात, मी आत स्वयंपाक करत ऐकते. मास्तर खरे ते."

सगळं गाव मागच्या काचेतून आत बघू लागलं. मास्तर ताठ बसले. अखेर सत्याचा विजय झाला होता. आता न्हाव्याने माफी मागावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

"तुम्ही खरंच मास्तर?" न्हाव्याने विचारलं.

"अख्ख्या शहराला मीच शिकवलंय!"

"मग ताईंना का नाही?"

मास्तरांनी मांडीवरची बाटली सावरायला हात नेला, पण ती केव्हाच पुढे गेली होती.

"तिचा शिकाऊ परवाना मीच काढून दिलाय," ते शेवटी म्हणाले. "मुदत संपली की दर वेळी नवा काढतो. एकदाही चुकलेलो नाही."

"आणि शिकवायचं?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

"वेळ... बॅच असतात..."

"राहू द्या हो," मास्तरीणबाई पुढूनच, मागे न बघता म्हणाल्या. "दमतात ते. घरी येऊन पुन्हा तेच कुठं करायचं?"

त्या चिडल्या असत्या तर मास्तरांना उत्तर सुचलं असतं. त्या मास्तरांचीच बाजू सावरून घेतायत हे बघून मात्र त्यांना फार लाज वाटली, गावासमोर गाडी बंद पडली तेव्हा वाटली होती त्याहून कितीतरी जास्त. ते दार उघडून खाली उतरले आणि फिरून पुढे आले.

"उतर," ते बाईंना म्हणाले. "आणि त्या बाजूनं बस."

"कशाला?"

"धडा पहिला."

दूधवालीने जागा करून दिली. मास्तरीणबाई स्टीअरिंगसमोर बसल्या. आरसा, पट्टा, गिअर, सगळं तोंडपाठ होतं. पायांना मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. गाडीने उडी मारली आणि बंद पडली.

"अगं, डोकं..." मास्तर सवयीने सुरू झाले. खिडकीत दूधवालीचे डोळे रोखलेले होते. त्यांनी आवाज उतरवला. "भरलेली बादली उचलतेस ना तू? हिसका न देता?"

"माझंच वाक्य आहे ते."

"चांगलं आहे म्हणून घेतलं."

गाडी सांडू न देता निघाली. माळावर पुष्कळ फेऱ्या झाल्यावर मास्तरांनी रस्त्याकडे बोट केलं, आणि गाव मागे पडलं. सायकलवाले त्यांना ओलांडून पुढे जात होते. दुसरं गाव आलं, निळ्या दारांचं. तिसरं आलं. बाईंचे दोन्ही हात स्टीअरिंगला चिकटलेले होते आणि जिभेचं टोक बाहेर आलं होतं. उन्हं कलायला लागली होती.

"आता मोकळी जागा दिसली की गाडी मागं वळव," मास्तर म्हणाले. "बॅचची वेळ होईल."

"मागं वळवायला तुम्ही शिकवलंच कुठंय अजून?" बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मला सरळच येतं."

जागा बदलून गाडी वळवणं मास्तरांच्या हातचा मळ होता. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असा आनंद त्यांनी या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी खिशातून फोन काढला.

"आज बॅच बंद, सगळ्यांना सांग," त्यांनी पलीकडच्या विद्यार्थ्याला सांगितलं. "इकडे एक अगदी ढ माणूस भेटलाय. त्याला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागणार."

फोन खिशात गेला.

"ढ कोण?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले. "तू समोर बघ. तळं यायचंय अजून."