लासुर्ण्याचं शीतकेंद्र

"माझ्या शहरात दहा मिनिटांच्या वर कुणी टिकणारच नाही," असं श्रेयानं शनिवारी जेवताना सगळ्या घराला ऐकवलं. सगळं घर म्हणजे त्या दिवशी तिचे आजोबा जोतीराम आबा आणि आजी कुशाबाई, एवढंच होतं. आईवडील लग्नाला सांगलीला गेले होते.

आबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "का? मग वीज जाती का तितं?"

श्रेयाचं शहर कॉम्प्युटरमधलं होतं. ती बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामगारांच्या हजेरीचं सॉफ्टवेअर सांभाळायची आणि उरलेल्या वेळात गेम बनवायची. आता ती एका गेम जॅममध्ये उतरली होती. गेम जॅम म्हणजे जगभरच्या हौशी मंडळींनी ठरवून घेतलेली एक शिक्षा असते. अठ्ठेचाळीस तासांत नवा कोरा गेम तयार करायचा आणि वेळ संपायच्या आत लोकांपुढं ठेवायचा. शुक्रवारी सकाळी अकराला सुरुवात झाली होती, रविवारी सकाळी अकराला दार बंद होणार होतं.

यापूर्वी ती दोनदा उतरली होती आणि दोन्ही वेळा गेम अर्धाच राहिला होता. पहिल्यात रस्ते होते, गाड्या नव्हत्या. दुसऱ्यात गाड्या होत्या, पण त्या थांबत नव्हत्या. तशी ही खोड जुनीच. तिनं नववीत विणायला घेतलेला एका बाहीचा स्वेटर कुशाबाई अजून गॅसची शेगडी पुसायला वापरायच्या आणि पाहुणे आले की मुद्दाम दाखवायच्या. या वेळी चित्रं काढायला इंदापूरची मैत्रीण सोनम सोबत होती, आणि तिनं स्पष्टच सांगितलं होतं, की हा पुरा झाला नाही तर पुढच्या वेळी मला फोन करू नकोस. श्रेयाच्या मनालाही ते लागलं होतं. आयुष्यात एक तरी गोष्ट शेवटपर्यंत न्यायचीच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

गेम तसा साधा होता. मधोमध एक शहर. भोवती गावं. गावांतून शहराला दूध, भाजी, धान्य पोचवायचं, शहरातून गावांना पशुखाद्य न्यायचं. रस्ते आखायचे, गोदामं बांधायची, गाड्या सोडायच्या. शहर वाढत जातं, त्याची भूक वाढत जाते, मधेच एखादा रस्ता बंद पडतो आणि शहर उपाशी राहिलं की खेळ खलास. गावांना नवी नावं शोधायचा श्रेयाला कंटाळा आला, म्हणून तिनं आपली बावडा, निमगाव आणि राहतं गाव लासुर्णे अशी ओळखीचीच देऊन टाकली. सगळ्या रामायणाचं मूळ या एका कंटाळ्यात आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

रविवारी सकाळी सात वाजता गेम चालत होता, पण एका नवख्या माणसानं खेळून बघणं बाकी होतं. घरात नवखे म्हणून आबाच हाताशी होते. श्रेयानं त्यांना लॅपटॉपपुढं बसवलं, माउस हातात दिला, कुठं दाबलं की काय होतं ते सांगितलं आणि दहा मिनिटांत हरतील म्हणून ती अंघोळीला गेली.

आता आबांना नवखं म्हणणं ही तिची दुसरी चूक. जोतीराम आबांनी एकतीस वर्षं दुधाच्या रूटवर काढली होती. आधी गाडीवर, मग सगळ्या गाड्यांची आखणी करायला. बावड्यापासून बारामतीपर्यंत कुठल्या केंद्रावर किती कॅन निघतात, कुठल्या वळणावर उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, कुठला ड्रायव्हर चहाला थांबतो आणि किती वेळ थांबतो, हे त्यांच्या डोक्यात अजून जसंच्या तसं होतं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी केंद्रावरची माणसं अडलं-नडलं की त्यांनाच फोन करत. त्या एकतीस वर्षांत त्यांच्या रूटवरचं दूध एकदाही नासलं नाही. ही बढाई नव्हे, तालुक्यात कुणालाही विचारा.

श्रेया अंघोळ करून, वेणी घालून, चहा घेऊन आली तरी आबांचं शहर उभंच होतं. नुसतं उभं नव्हतं, तिप्पट झालं होतं. शहरात दूध ओतून परत फिरणारी एकही गाडी आबा रिकामी सोडत नव्हते. येताना पशुखाद्याची पोती भरून गावांना देत होते. असं करता येतं हे गेम बनवणारीलाही माहीत नव्हतं. साडेसातला त्यांनी लासुर्ण्याला दूध गार ठेवणारं एक मोठं निळं शीतकेंद्र बांधलं आणि चष्मा पुसून पुन्हा बसले. श्रेयाला कौतुकही वाटलं आणि धास्तीही वाटली, कारण हा माणूस हरलाच नाही तर गेम संपतो कसा, याचा तिनं विचारच केला नव्हता. ती आतल्या खोलीत सोनमला फोन करायला गेली.

इकडं पडद्यावर लाल पाटी आली. बावडा-इंदापूर रस्ता बंद. बावड्यात दूध थांबलं.

सकाळची पावणेआठची वेळ. बावड्यात दूध थांबलंय. एकतीस वर्षं या वेळेला, या बातमीवर आबांचा हात जिकडं जायचा तिकडंच गेला. त्यांनी शेजारचा मोबाइल उचलला आणि नजर पडद्यावरून न काढता बावड्याच्या केंद्राचा चालक सोमनाथ याला फोन लावला.

"सोमनाथ, इंदापूरचा रस्ता बंद हाय. दूध तितं ठिवू नको. लासुर्ण्याच्या शीतकेंद्रावर आण."

सोमनाथ म्हणाला, "व्हय आबा." आणि त्यानं फोन ठेवला. लासुर्ण्याला शीतकेंद्र कधी झालं, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. आबांनी सांगितलं म्हणजे झालंच असणार! उलट वाटेतल्या आणखी दोन केंद्रांना त्यानं स्वतःहून कळवलं, की रस्ता बंद आहे, आबांचा निरोप आहे, वळवा.

सव्वानऊला दारात पिकअप थांबली. मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी. सोमनाथ खाली उतरून नम्रपणे म्हणाला, "आबा, शीतकेंद्र कुठं हाय? मी गावाला दोन चकरा मारल्या."

कुशाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि गाड्यांतले छप्पन्न कॅन बघून तशाच उभ्या राहिल्या. श्रेयानं आधी सोमनाथकडं बघितलं, मग पडद्यावरच्या निळ्या शीतकेंद्राकडं, मग आबांकडं. आबांनीही त्याच क्रमानं बघितलं, फक्त शेवटी श्रेयाकडं.

"आबा," श्रेया हळूच म्हणाली, "ते ह्यात हाय."

आबांचा चेहरा उतरला. सहा वाजता काढलेलं दूध, एप्रिलचं ऊन आणि तीन गावांच्या माणसांचा विश्वास, सगळं दारात येऊन उभं होतं. "रिटायर झाल्यावं नासवलं म्हणायचं," एवढंच ते पुटपुटले. कुशाबाईंनी मात्र वेळ घालवला नाही. "अवो, बसलाय काय," त्या म्हणाल्या, "त्या डब्यातल्या गाड्या हलवत हुता न्हवं? आता ह्या हलवा."

आबा उठले. पुढची पाच मिनिटं श्रेया जन्मात विसरणार नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, डोळे मिटले आणि बोटांवर काहीतरी मोजलं. बारामतीहून रोज सकाळी एक रिकामा टँकर इंदापूरच्या केंद्रात गोळा झालेलं याच गावांचं दूध आणायला निघतो. तो लासुर्ण्यावरूनच जातो. साडेनऊला. त्याच्या ड्रायव्हरला त्यांनी फोन लावला. "ऋषिराज, फाट्यावर थांब. इंदापूरचं दूध हितंच हाय." पलीकडून प्रश्न आला नाही. मग इंदापूरच्या केंद्राला फोन करून झालेली चूक सरळ आपल्या नावावर सांगितली, आणि बारामतीच्या प्रकल्पाला टँकर लवकर येतोय म्हणून कळवलं. तिथंही कुणी का म्हणून विचारलं नाही.

तिन्ही पिकअप फाट्यावर गेल्या. टँकर आला. सोमनाथनं एकेका कॅनचं झाकण उघडून वास घेतला, आबांनी त्याच्यावर विश्वास न ठेवता पुन्हा घेतला. रस्त्यावरची माणसं न बोलावता हात लावायला आली. श्रेयाही लॅपटॉप तसाच उघडा टाकून आली होती. तिच्या गेममध्ये खेळ थांबवायचं बटण करायचं राहून गेलं होतं. अकराची वेळ डोक्यात टिकटिकत होती, पण हे सोडून जायला पाय निघेना. छप्पन्नावा कॅन रिकामा झाला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. इंदापूरचा फेरा वाचल्यामुळं त्या दिवशी दूध बारामतीला रोजच्यापेक्षा लवकर पोचलं.

"आबा, तुमचा फोन सगळी कशी काय ऐकत्यात?" परत येताना श्रेयानं विचारलं.

"फोन कुणीबी करतंय," आबा म्हणाले. "त्याची गाडी बंद पडली तवा आपण थांबलो असलो, तर त्यो उचलतो."

घरी येऊन श्रेयानं आधी लॅपटॉपकडं बघितलं. पाऊण तास तिच्या शहराकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, आणि तरी ते उपाशी नव्हतं. आबांनी गाड्या अशा लावून दिल्या होत्या की त्या आपल्या आपण भरून जात होत्या आणि भरून येत होत्या. तिला या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेवढाही वेळ नव्हता.

सोनमचे अकरा मिस्ड कॉल होते. श्रेयानं तिला फोन लावून एकच सांगितलं, की एका फोनचं चित्र काढ, लगेच. आणि पन्नास मिनिटांत गेममध्ये एक नवी गोष्ट घातली. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलेली दिसली तर तुम्ही थांबू शकता. वेळ जातो, शहर ओरडतं. पण पुढं तुमचा रस्ता बंद झाला की तुम्हाला त्याला फोन करता येतो. थांबला असाल तर तो उचलतो आणि गाडी वळवतो. नसाल थांबला, तर नुसती रिंग वाजत राहते. शंभर दिवस शहर जगवलं की खेळ संपतो, म्हणजे आबांसारख्यांनाही कधीतरी जेवायला उठता यावं. दहा छप्पन्नला तिनं गेम पाठवला. सत्तावन्नला सोनम फोनवर रडली. बाराला कुशाबाईंनी तो एका बाहीचा स्वेटर धुऊन, घडी घालून कपाटात ठेवला, आणि शेगडी पुसायला आबांचं जुनं धोतर फाडलं.

आठवड्यानं निकाल लागला. एकशे बारा गेममध्ये श्रेयाचा एकेचाळिसावा. लोकांनी खेळून खाली अभिप्राय लिहिले होते आणि तिनं ते ओसरीवर बसून आबांना मराठीत सांगितले. चित्रं छान आहेत. परतीच्या गाडीत माल भरायची कल्पना फारच हुशारीची आहे. आबा मान डोलवत होते. शेवटी एका परदेशी खेळाडूनं लिहिलं होतं, की गेम उत्तम, फक्त एक गोष्ट अजिबात पटत नाही. नुसता एक फोन आला म्हणून, एक शब्दही न विचारता, कुणी भरलेली गाडी वळवेल का? खऱ्या जगात असं घडत नाही.

श्रेया चिडली. लगेच उत्तर लिहायला बसली.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. दारात जिथं पिकअप उभ्या होत्या तिकडं त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. सोमनाथनं इचारायला पायजे हुतं."