खुंटीवर राहिलेल्या बॅजचा सत्कार

आमच्या जिल्ह्यात किरणांचा अपघात झाला की त्याला हातपाय फुटतात, ज्याच्या हातून घडला त्याच्याकडे तो राहायला येतो आणि सुरक्षा समिती त्याला भाषणांना बोलावते.

भानुदास खोताचा अपघात चांगला धिप्पाड. भानुदास पाइपांचे जोड किरणांनी तपासतो. एकदा किरणांची गोळी पेटीत परत गेलीच नाही आणि हा शहाणा किरणं दाखवणारा मीटर न घेता जवळ गेला. बोटं भाजली. तेव्हापासून त्याचा अपघात शाली पांघरून गावोगाव हिंडतोय. माझा नुसता जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू?

माझा अपघात स्टुलाएवढा. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. किरणं मोजायचा बॅज एप्रनलाच राहिला, आणि एप्रन एक्स-रेच्या खोलीत खुंटीवर. सगळी किरणं त्या बॅजनं खाल्ली, मी नाही. पण बॅजचा रिपोर्ट बघून माझी पाचावर धारण बसली.

"बाई, आपल्याला शाल-नारळ कधी?" जेवताना माझा अपघात रोज विचारायचा. भानुदासच्या अपघाताचा फोटो पेपरात आला की आम्हा दोघांना घास गिळवत नसे.

यंदा मी समितीचे चिटणीस निमकर साहेब यांच्यापुढे ठाणच मांडलं.

"प्रभाताई, नियम माहीत आहे ना? लोक खरोखर धडा शिकले की अपघात संपतो."

"खोताचा बरा संपत नाही!"

"त्याला टाळ्या मिळतात."

"मग माझ्यालाही मिळतील. लावा नाव."

माझा अपघात मंचावर स्टुलावर चढला. म्हणाला, "एप्रन टांगायच्या आधी बॅज काढा. खोलीबाहेर ठेवा." बस, एवढंच.

टाळी नाही. मागच्या रांगेतली एक बाई खिसे चाचपत उठली आणि फोनवर ओरडली, "अगं, माझ्या एप्रनला बॅज आहे का बघ! आधी बाहेर काढ!" मग दुसरी उठली. मग सगळी रांगच.

"बाई, टाळ्या कुठायत?" त्यानं विचारलं. त्याचे पाय दिसेनासे झाले होते.

मी एकटीनं जोरजोरात टाळ्या वाजवल्या. तोवर नुसतं स्टूल उरलं. निमकर साहेबांनी शाल-नारळ माझ्या हातात दिला.

नंतर भानुदासचा अपघात तासभर बोलला. टाळ्यांचा कडकडाट! त्याच्या कंपनीची माणसं तशीच जीपमध्ये बसून कामावर गेली. मीटर ऑफिसातच होता.

"सुटलात ताई," भानुदास स्टुलाकडे बघत म्हणाला.

घरी येऊन सवयीनं दोन पानं घेतली. त्या मेल्या भानुदासकडे अजून दोन लागतात.