आर्डकेलच्या लॉर्डसाहेबांचं टपाल

लॉर्ड होणं ही आता फक्त एक पत्र येण्याची बाब उरली होती, याबद्दल टॉर्क्विल मॅकफेलला तिळमात्र शंका नव्हती. आणि आर्डकेल गावात पत्र आणणार कोण? तोच! तीस वर्षं गावचा पोस्टमन होता तो.

सकाळी तळ्यावर धुकं उतरलं की टॉर्क्विलचे पाय टपाल वाटायचे आणि मन किल्ल्यात हिंडायचं. किल्ला म्हणजे एक भिंत आणि तिच्या आडोशाला सतरा मेंढ्या. पण धुक्यात त्याला बुरूज दिसत, खिडक्यांत दिवे दिसत आणि मखमली झग्यात तो स्वतः! या तंद्रीत एकदा मास्तरांचं पत्र त्याने मेंढ्यांच्या गव्हाणीत टाकलं होतं.

शेवटचा लॉर्ड निपुत्रिक वारला, त्याला ऐंशी वर्षं झाली होती. टॉर्क्विलची पणजी ही त्याची सख्खी बहीण. "पण बाईकडून किताब पुढे येतो का?" त्याच्या अर्जावर एडिंबराच्या कचेरीने शंका काढली, आणि टॉर्क्विल पेटला! तीन हिवाळे चर्चच्या वह्या उपसून त्याने जुनी सनद शोधली. मुलगा नसेल तर मुलगी, आणि तिचा हक्क तितकाच पक्का! शोधायला मदतीला होती पुतणी इशबेल, वारलेल्या थोरल्या भावाची एकुलती एक लेक. बापामागे मासे-चिप्सचं दुकान तीच चालवायची.

"काका, लॉर्ड झाल्यावर ओळख द्याल ना?" ती चिडवायची.

"अगं, माझ्यासमोर बसायची तुला खास परवानगी देईन!"

अखेर एका मंगळवारी ते जाड पाकीट आलं. वर पत्ता: लेडी आर्डकेल, आर्डकेल.

लेडी! म्हणजे लॉर्डची बायको! टॉर्क्विल बाकीचं टपाल तसंच ठेवून घरी बायकोकडे पळाला. "युना, तुझं आधी आलं! माझं उद्या येईल!"

"माझे हात पिठाचे आहेत," युना म्हणाली. "तूच फोड."

तीस वर्षांत त्याने दुसऱ्याचं पाकीट उजेडाला धरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आज फोडलं.

'थोरल्या भावाच्या मुलीचा हक्क धाकट्या भावाच्या आधी येतो. सबब किताब कुमारी इशबेल मॅकफेल यांचा. मुलींचा हक्क इतक्या चिकाटीने सिद्ध केल्याबद्दल आपल्या काकांना आमचे धन्यवाद कळवावेत.'

युनाने पाकीट पुन्हा बंद करायला चिकटपट्टी पुढे सरकवली.

दुकानापर्यंतचा रस्ता त्याला कधी इतका लांब वाटला नव्हता. किल्ल्याकडे त्याने पाहिलं. नुसती भिंत होती. फार वाईट वाटलं त्याला. दारात त्याने टोपी काढली.

इशबेलने पत्र दोनदा वाचलं. चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. मग काकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"काका, मी त्यांना कळवते, मला नको म्हणून."

"खबरदार!" टॉर्क्विल गरजला. "तीन हिवाळे घालवलेत मी या हक्कासाठी!"

ती हसली, हात पुसले, स्टूल पुढे ओढलं. "मग बसा. खास परवानगी आहे."

टॉर्क्विल बसला. तिने गरम चिप्सची पुडी हातात दिली. मीठ जरा जास्तच झालं होतं. पण लेडीसाहेबांना सांगणार कोण!