तापकीर बाईंचा बँड

तापकीर बाईंना 'गप्प बसा' म्हणताना मी कधी ऐकलं नाही. त्या शिट्टी फुंकतात. वर्गात, शिक्षकांच्या खोलीत, आणि एकदा तर पुतण्याच्या लग्नात, भटजी मंगलाष्टकं लांबवायला लागले तेव्हा. चाकणच्या चौकातून त्यांनी बँडच्या अठ्ठावीस मुली पलीकडे नेल्या, त्या दिवशी कांद्याचे ट्रक आणि कंपन्यांच्या बसेस जागच्या जागी उभ्या राहिल्या. वाहतूक पोलीससुद्धा दचकून बाजूला झाला.

बाई आमच्या सरकारी हायस्कूलमध्ये पी.टी. शिकवतात, मी मराठी. मुलींचा बँड त्यांनी उभा केला. ड्रम यायच्या आधी वर्षभर पोरी रंगाच्या रिकाम्या बादल्यांवर वाजवायच्या आणि शेजारच्या वर्गात मी काळ शिकवायचो. माझ्या त्या वर्षीच्या मुलांना भूतकाळ अजून येत नाही.

बाईंचा एकच शब्द: "पुन्यांदा!" चुकलं की पुन्यांदा. बरोबर आलं तरी पुन्यांदा. जिल्ह्याच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांनी आमच्या शाळेचं नाव चुकीचं घेतलं, तर बाई खालून ओरडल्या, "पुन्यांदा!" पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी नीट घेतलं.

फक्त दीपालीला त्या काही म्हणायच्या नाहीत. ही नववीतली मुलगी, लातूरकडची. वडील चाकणला एका कंपनीत कंत्राटावर. ती साइड ड्रम वाजवायला लागली की बाई शिट्टी खिशात घालून नुसत्या उभ्या राहायच्या. "हिला मी शिकवलंच न्हाई सर," मला म्हणाल्या. "ही येतानाच घेऊन आली."

राज्य स्पर्धेला दीड महिना राहिला असताना दीपालीचे वडील शाळेत आले. दाखला मागायला.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर बाई माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. "चला, त्यांच्या खोलीवर." तिथे सामान बांधून झालेलं होतं. दीपाली गॅसची शेगडी कागदात गुंडाळत होती.

"बाई, काम सुटलं," वडील म्हणाले. "हितं राहून काय करावं? गावाकडं चाललोत."

"तुमी जावा," बाई म्हणाल्या. "पोरीला माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. दहावी झाली की मी सोता आणून सोडते. तिच्या जेवणाखाण्याचं सगळं मी बघते."

वडिलांनी बायकोकडे पाहिलं. ती हात पुसत पुढे आली. "तुमी लई चांगल्या हाव बाई. पर पोरगी हाय. परक्याच्या घरी कसं ठेवावं?"

भर चौकात ट्रक थांबवणाऱ्या बाई 'परक्याच्या' या शब्दापाशी थांबल्या. दीपालीनं बोचक्यातून ड्रमच्या काड्या काढल्या आणि बाईंपुढे धरल्या. "शाळेच्या आहेत बाई."

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," बाई म्हणाल्या आणि चपला न घालताच बाहेर आल्या. चपला मी हातात घेऊन आलो.

स्पर्धेत आम्ही पहिले आलो. दीपालीच्या जागी आठवीतली एक मुलगी वाजवत होती, चांगली वाजवत होती. पोरी नाचल्या, मुख्याध्यापक रडले. बाईंनी करंडक पुसला आणि पोरींना सरबत प्यायला नेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. अभिनंदन करावं म्हणून मी दुपारी चऱ्होलीला त्यांच्याकडे गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. भावानं जमीन विकली, तो समोरच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहतो. बाईंनी लग्न केलं नाही. त्या खाली दोन खोल्यांत एकट्या.

आतल्या खोलीत एक नवी खाट होती. गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. शेजारी लहानसं टेबल, त्यावर दिवा, आणि नववीची पुस्तकं. कव्हरं घातलेली.

"कुणी यायचंय का?" मी विचारलं, आणि विचारताक्षणी मला कळलं.

"आपण त्यांच्या खोलीवर गेलो ना, त्याच्या आदल्या दिवशी आणली," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, न्हाई म्हणायचे न्हाईत."

मी टेबलावरचं एक पुस्तक उचलून परत ठेवलं.

"सर, तिच्या बापाचा फोन लागत न्हाई. तुमच्या फोनवरून लावून बघता? पैला नंबर आला, येवढंच सांगायचं हाय."

मी लावला. हा क्रमांक सेवेत नाही, असं एक बाई गोड आवाजात सांगत होती. मी फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"रेंज नसेल," मी म्हणालो.

"व्हय. तिकडं रेंजचं अवघडच हाय." त्या खाटेच्या कडेला बसल्या. गादीवरचं प्लास्टिक तळहातानं सारखं करत राहिल्या. मग उठल्या आणि मला विचारलं, "चहात साखर किती घालू?"