गुरुवारी बघून सांगतो

डॉक्टरला सगळं माहीत असतं, या भरवशावर माणसं आजारी पडतात आणि बरीही होतात. जळगावच्या मेहरूण भागातल्या सुपडू डॉक्टरांनी या भरवशाला पहिल्या दिवसापासून सुरुंग लावला. पेशंटने काही विचारलं की हे गृहस्थ आधी स्टेथोस्कोप गळ्यातून काढायचे, मग खिशातली चिठ्ठी काढून तिच्यावर प्रश्न लिहून घ्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, "माहीत नाही. गुरुवारी बघून सांगतो."

आता ताप, खोकला, हगवण यांत त्यांचा हात चांगला होता. गाडी अडायची ती औषध लिहून झाल्यावर. दारापर्यंत गेलेला पेशंट मागे वळून विचारतो ना, ते प्रश्न. सर्दीत केळं चालेल का? ढग आले की गुडघे दुखतात ते खरं का? तापात डोक्यावरून आंघोळ केली तर? बाकीचे डॉक्टर "नको" म्हणून मोकळे होतात, कारण "नको" म्हणायला अक्कल लागत नाही आणि पेशंटलाही काहीतरी सोडल्याचं समाधान मिळतं. आमचे डॉक्टर मात्र चिठ्ठी काढायचे.

साहजिकच निम्मे पेशंट शेजारच्या दवाखान्यात गेले. "याले काही येत नही भो," एक बाबा बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, "बठ्ठं गुरुवारवर ढकलस. तो दुसरा सुई तरी देस!"

सुपडू हे टोपणनाव नाही. आमच्या खानदेशात ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिचं एखादं जगलं की त्याला सुपात निजवतात आणि नाव सुपडू ठेवतात. तेच नाव त्यांनी डिग्रीसकट पाटीवर रंगवलं होतं. "बदलून घ्या की," असं मी एकदा म्हणालो. "मला विचारून ठेवलेलं नाव नाही," ते म्हणाले, "आईने देवाशी ठरवून ठेवलेलं आहे. मध्ये मी कोण?"

दर गुरुवारी त्यांचा दवाखाना बंद असायचा. सकाळची एसटी धरून, एरंडोल-पारोळा करत ते धुळ्याला आमच्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत यायचे. मी तिथे क्लार्क होतो. मुद्दाम बाहेरगावहून येऊन पुस्तकं मागणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे मागणीची एक छापील चिठ्ठी होती: नाव, विषय, कशासाठी, आणि खाली माझा शेरा, मिळाले किंवा नाही. ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचं डोकं तुळतुळीत होतं. "काय डॉक्टर, तिरुपती का?" मी विचारलं. ते "नाही" म्हणाले आणि चिठ्ठी पुढे केली. माझ्या हजरजबाबीपणावर मी दिवसभर खूश होतो.

ते दिवस आठवले की अजून मला जुन्या कागदाचा वास येतो. सूचीचे ते उशीएवढे जाड ग्रंथ, त्यात बोटाने विषय शोधायचा, मग शिडीवर चढून बांधीव मासिकं उतरवायची. टेबलापलीकडे मोठे डॉक्टर होऊ घातलेली पोरं हृदय आणि मेंदू वाचत बसलेली असायची आणि हे मधोमध केळं शोधायचे. एका पोराने हसून विचारलंच. डॉक्टर चिडले नाहीत. "मोठे रोग तुमच्याकडे येतात," ते म्हणाले, "माझ्याकडे केळंच येतं."

त्यांची उत्तरं तीन प्रकारची असत. "चालेल", "चालणार नाही" आणि तिसरं, जे सगळ्यात जास्त वेळा निघायचं: "भाऊसाहेब, हे जगात कोणी बघितलंच नाही हो!" हे तिसरं ते अशा आवाजात सांगायचे, जणू घरात चोरी झाली आहे. बरं, एखादा अभ्यास सापडला तरी समाधान नाही. "हा बर्फाच्या देशातला. आमच्या मेहरूणच्या काशीबाईला लागू पडेल का? आणि केळं कोणतं दिलं, पिकलेलं की कच्चं? लिहिलंच नाही!" मग मलाही त्या परदेशी लोकांचा राग यायचा. केळं न पिकवणाऱ्यांनी केळ्यावर बोलूच नये, असं माझं त्या काळात ठाम मत झालं होतं.

उत्तर मिळालं की ते ज्याचं त्याला पोचवायचं, आणि मगच चिठ्ठीवर "सांगितलं" लिहून ती बंद करायची, हा त्यांचा दंडक. विचारणारा ते कधीच विसरलेला असे. एकाला त्यांनी त्याच्या मुलीच्या लग्नात, अक्षता टाकता टाकता, दोन वर्षांपूर्वीच्या उचक्यांचं उत्तर सांगितलं होतं.

एकदा मीही त्यांच्याबरोबर एरंडोलला उतरलो. एका घरी सून बाळंत झालेली, आणि बाळंतिणीने केळं खाल्लं तर बाळाला सर्दी होते का, हा प्रश्न होता. डॉक्टरांनी ओट्यावर बसून सांगितलं की पुष्कळ शोधलं, तसं कुठेही सापडलं नाही, खुशाल द्या.

सासू खवळली. "मंग आम्ही बठ्ठ्या येड्या व्हतूत का?"

"नाही अक्का. तुम्हाला कोणी सांगितलं, त्यांना आणखी कोणी. बघितलं कोणीच नाही, एवढंच."

म्हातारी उठून कोपऱ्यातल्या केळीच्या घडाकडे गेली. मग घडातलं एक केळं तोडून तिने सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मन्हा पाच बाळंतपन व्हयनात, डॉक्टर. एकदाबी कोनी दिनं नही माले."

मला वाटलं होतं डॉक्टर खूश होतील. परतीच्या फाट्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. "उशिरा आलेलं उत्तर फार वाईट, भाऊसाहेब," एवढंच म्हणाले.

त्यांची आणखी एक गोष्ट मला कळत नसे. हिवाळ्यात आमच्या लायब्ररीच्या लोकांची शेतात भरीत पार्टी व्हायची. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडजीत ठेचलेली मिरची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. डॉक्टर आग्रहाने यायचे, काड्या पेटवायचे, वांगी फिरवायचे, आणि जेवायला बसले की दही-भाकरी खायचे. भरीत न खाणारा जळगावकर म्हणजे पोहता न येणारा मासा. मी चेष्टेने म्हणालो, "का, वातूळ असतं म्हणून?" त्यांचा घास हातातच थांबला. "माहीत नाही," ते म्हणाले. गुरुवारचं नाव मात्र काढलं नाही.

पुढे कॉम्प्युटर आला, मोबाईल आला. डॉक्टरांना सगळं मेहरूणमध्ये बसल्या जागी सापडायला लागलं आणि गुरुवार ओस पडले. मी रिटायर झालो. गेल्या डिसेंबरात लायब्ररीतली जुनी रद्दी काढायची होती, तेव्हा माझ्या जागेवरच्या मुलीने मला बोलावलं. मागणीच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे कोणालाच नको होते. मी डॉक्टरांच्या तेवढ्या वेगळ्या काढल्या आणि सगळ्यात खालची, म्हणजे पहिल्या दिवसाची, वाचली.

विषय: दम्याच्या रुग्णास वांग्याचे भरीत चालते काय. कशासाठी: आईने विचारले आहे. खाली माझ्या अक्षरात शेरा: अंक बाइंडिंगला गेला आहे, मिळाला नाही.

आणि मला ते तुळतुळीत डोकं आठवलं. तिरुपती का म्हणे! माझी मलाच शरम वाटली. आई गेलेली होती आणि माणसाने लिहिलं होतं, विचारले आहे.

त्या मुलीला घेऊन मी दोन दिवस कॉम्प्युटरवर बसलो. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. बायकोने भरीत केलं, पुऱ्या बांधून दिल्या, आणि मी जळगावची एसटी धरली.

डॉक्टर आता थकले आहेत. दवाखाना सकाळचाच असतो. मी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "तुमचं उत्तर आणलंय, डॉक्टर."

त्यांनी चिठ्ठी ओळखली. हातात घेतली नाही. "नुकता डॉक्टर झालो होतो," ते म्हणाले. "रविवारी घरी गेलो, तर तिने वांगी भाजायला घेतलेली. विचारलं, 'मले चालते का रे सुपडू?' मी नको म्हणालो. का, तर वातूळ. पुस्तकात नव्हतं ते, मी तिच्याच तोंडून लहानपणी ऐकलं होतं. सगळ्या गल्लीला अभिमानाने सांगत सुटली, माझ्या डॉक्टरने भरीत बंद केलंय. माघात गेली." मग म्हणाले, "लोकांचं सगळं शोधलं हो मी. हे परत शोधायला भीती वाटली. चालणार नाही निघालं असतं तर बरं, की चालेल निघालं असतं तर, तेच कळेना. काय निघालं?"

"जगात कोणी बघितलंच नाही."

मी डबा उघडला. त्यांनी पहिला घास मोडला, झाकणाच्या कडेला वेगळा ठेवला, आणि इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः माझ्यापुढे कधी न वापरलेल्या त्यांच्या गावच्या बोलीत म्हणाले, "खाय वं माय. चालते."

पुराव्याशिवाय दिलेलं त्यांचं, त्या पहिल्या "नको"नंतरचं, हे एकच उत्तर. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, चिठ्ठीवर "सांगितलं" लिहिलं, आणि आम्ही दोघं जेवायला बसलो.