वाटणीतली घंटी

बोंदरेकाकांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्वतःची कवळी ठेवली, त्या दिवसापासून त्या काट्यावर मी खाण्याचं काहीही मोजलेलं नाही.

रविवारची सकाळ होती. सहा वाजता बेल वाजली. दारात काका. अंगाला चिकटलेला पिवळा शर्ट, त्याहून चिकटलेली काळी चड्डी, डोक्यावर हेल्मेट. "मंदाताई, काटा द्या बरं जरा." मला वाटलं, काकूंना काही करायचं असेल. हा माणूस सरळ ओट्यापाशी आला, तोंडातून कवळी काढली, काट्यावर ठेवली, आकडा वाचला आणि बोळक्या तोंडानं म्हणाला, "पाहा. दर रविवारी हे ओझं फुकट वाहून राहिलो मी." मग कवळी माझ्या वाटीत ठेवून, येताना नेतो असं सांगून सायकलवर निघून गेला. ती वाटीही आता मी झाडांना पाणी घालायला वापरते.

काका अडुसष्ट वर्षांचे. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि नागपुरात सक्करदऱ्याला आमच्या शेजारी घर बांधून राहिले. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, काकांनी सायकल घेतली. बारीक चाकांची, वाकड्या हँडलची. तिची किंमत काकूंना अजून माहीत नाही आणि मला माहीत आहे, या ओझ्याखाली मी सात वर्षं राहते आहे.

सायकलवरचं वजन कमी करणं हा त्यांचा उद्योग. शर्टाची लेबलं कापली. चावीच्या जुडग्यातून एकच चावी ठेवली. कंगवा मधोमध तोडला. मी तोंडाकडे बघत राहिले तर म्हणाले, "केसं अर्धेच राहिले, कंगवा पुरा कायले?" कुठलीही वस्तू पुढे केली की त्यांचा एकच प्रश्न: "वजन?" मी एकदा वाटेत खायला दोन केळी दिली. त्यांनी ती तिथंच उभ्या उभ्या सोलून खाल्ली आणि सालं मला परत दिली. एकदा तर इतवारीत धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर सायकल घेऊन चढले. व्यापाऱ्यानं शांतपणे विचारलं, "काकाजी, माल कोणता समजू?"

माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना साखरेच्या गोळ्या देता देता मागच्या वर्षी माझीच साखर वाढली, तेव्हा मीही एक साधी सायकल घेतली आणि रविवारी काकांच्या मागं जाऊ लागले. उमरेड रोडनं शहराबाहेर पडायचं आणि डावीकडे आत वळायचं. मग वीसेक किलोमीटर एकही चढ नाही. दोन्हीकडं तूर आणि कापूस, मधून पाटाचं पाणी, समोर एखादी बैलगाडी. माझ्यासारखीलाही जमतं.

तिथं मला दुसरा धक्का बसला. कवळी घरी ठेवणाऱ्या या माणसाच्या हँडलला पितळेची मोठी, जुनी घंटी होती. चांगली पाव किलोची. वाजवायची तर शहरात वाजवावी, तिथं ती गप्प. आणि जिथं रस्त्यावर चिटपाखरू नाही अशा एका वळणावर काका ती तीनदा वाजवायचे. डावीकडच्या शेतात, संत्र्यांच्या झाडांमागं एक घर होतं. घंटी वाजली की तिथून पांढऱ्या बंडीतला एक म्हातारा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, यायचा आणि हात वर करायचा. काका हात वर करायचे नाहीत, फक्त वेग वाढवायचे.

"कोण हो ते?" मी विचारलं.

"दादा. मोठा भाऊ."

"मग थांबत का नाही?"

"बोलणं नाही आमचं. चौदा वर्षं झाली."

"आणि ही घंटी?"

"वाटणीत आली."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण नाही. वडील गेल्यावर भावाभावांत वाटणी झाली. शेत झालं, बैल झाले, भांडी झाली. शेवटी वडिलांची सायकल उरली. पंच म्हणाले, दादा गावात राहतो, सायकल त्याला. काकांनी चार माणसांसमोर पाना मागितला, घंटी खोलली आणि खिशात घालून खापरखेड्याला परतले. "सायकल तुही, घंटी माही," हे शेवटचं वाक्य. नवी सायकल घेतल्यावर त्या रस्त्यानं पहिल्यांदा गेले तेव्हा घंटी वाजवली ती खिजवायला. दादा बाहेर आला आणि त्यानं हात वर केला. तेव्हापासून दर रविवारी हेच.

शिकलेली माणसं असं वागतात हे ऐकून मी पाच मिनिटं पॅडल मारायचं विसरले.

दिवाळीनंतर दादा दिसेनासा झाला. पहिल्या रविवारी काका म्हणाले, बाजारात गेला असेल. दुसऱ्या रविवारी त्यांनी वेग वाढवला नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी घंटी सहादा वाजवली. त्या आठवड्यात मी मुद्दाम शेंगदाण्याचा लाडू पुढे केला तर त्यांनी वजन न विचारता खिशात टाकला. मला ते लक्षण बरं वाटलं नाही.

चौथ्या रविवारी ते वळण ओलांडून गेले, परत आले, घंटी वाजवली, पुन्हा गेले, पुन्हा आले. धुरा रिकामा. मी सायकल झाडाला टेकवली.

"कुठी चालल्या?"

"आत. विचारून येते."

"नका जाऊ वं मंदाताई. त्यानं तोडलं तर तोडलं. मी काही भीक मागून नाही राहिलो."

"मला तहान लागली आहे," मी म्हणाले आणि गेले.

दादा अंगणात पाठमोरे बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी दोन हाका मारल्या. तिसरी मी दुकानात मारते तशी मारली. माणूस हलला नाही. माझ्याकडे रोज असे दहा म्हातारे येतात, त्यामुळे मी पुढं गेले, खांद्याला हात लावला आणि डाव्या कानाशी ओरडले, "ऐकू येत नाही का?"

दादा दचकले. "मोठ्यानं बोला. दिवाळीत ताप आला, तवापासून कान गेले." मग मला निरखून म्हणाले, "तुमी त्याच्या मांगं मांगं येता नं, हळू?"

हो, हळू. "मग आताशा धुऱ्यावर का येत नाही?"

"काहून येऊ? त्यानं घंटी काढून टाकली. मागच्या ऐतवारी मी त्या बाभळीआड मुद्दाम उभा होतो. गेला समोरून, वाजवलीच नाही. बाबाची घंटी मले ऐकू नाही येईन का? वजन होत असन. दात बी घरी ठेवते म्हणतात लोकं."

भिंतीला एक जुनी काळी सायकल टेकवलेली होती. हँडलवर घंटीची जागा तशीच रिकामी होती. चौदा वर्षांत त्यांनी तिथं दुसरी बसवली नव्हती. मला या दोघांना समोरासमोर उभं करून फटकवावंसं वाटलं.

रस्त्यावर येऊन मी काकांना सांगितलं, "त्यांना ऐकू येत नाही. त्यांना वाटतं, वजनासाठी तुम्ही घंटी काढली."

काका हेल्मेटचा पट्टा चाचपू लागले. "मी चार ऐतवार त्याले शिव्या देऊन राहिलो होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी ती सायकल, जी डांबराबाहेर कधी उतरत नाही, जिचं चाक खड्यावरून गेलं तर दोन दिवस जेवण गोड लागत नाही, सरळ ढेकळांत घातली. चाकांना काळी माती चिकटत गेली. किलोभर तरी असेल. त्यांनी खाली पाहिलं नाही.

दादा उठून उभे राहिले. पिवळा शर्ट, काळी चड्डी, बोळकं तोंड. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "हे काय घालून आला गा, नाम्या? बह्याड झाला का?"

उत्तर दिलं असतं तरी ऐकू गेलं नसतं. काकांनी नुसतं हँडल पुढं केलं.

दादांची नजर घंटीवर गेली. मग त्यांनी शेंगांनी हिरवा झालेला तळहात पितळेवर ठेवला, घट्ट.

"वाजव."

काकांनी वाजवली. असा हात ठेवला की घंटी वाजत नाही. तळव्याखाली नुसतं खट्ट झालं.

"वाजली," दादा म्हणाले.